डिफमधील कॉपी केलेल्या फाइली आणि त्यांच्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी फाइल कॉपी करून तिच्यातल्या चार ओळी बदलल्या, तर डिफमध्ये (दोन आवृत्त्यांमधले बदल दाखवणाऱ्या मजकुरात) त्या चार ओळीच दिसणार की चारशे ओळींची नवी फाइल दिसणार, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवते ते माहीत नसताना लिहिलेली चाचणी आज पास होते आणि सहा महिन्यांनी कोणी काहीच बदललेले नसताना नापास होते. व्हर्जन कंट्रोलच्या (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीच्या) वर काही साधन बांधणाऱ्यांकडून, म्हणजे डिफ वाचणारे पार्सर, कोड रिव्ह्यूची पाने किंवा पॅच (दुसरीकडे लागू करण्यासाठी काढलेला डिफ) लावणारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक प्रश्न गिट या व्हर्जन कंट्रोल प्रणालीविषयीचे आहेत. गिटच्या पर्यायांपैकी ‘कॅपिटल एम’ हा नाव बदललेल्या फाइली शोधतो आणि ‘कॅपिटल सी’ हा त्यांच्याबरोबर कॉपी केलेल्या फाइलीही शोधतो, एवढे आधी लक्षात ठेवावे.

फाइल कॉपी केल्याची नोंद गिट कमिटमध्ये ठेवते का?

नाही. कमिट (बदलांची इतिहासातली एक नोंद) एका ट्रीकडे, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींच्या यादीकडे, बोट दाखवते आणि ट्रीमध्ये प्रत्येक फाइलचे नाव, तिचा मोड (साधी की चालवता येणारी, असा प्रकार) आणि तिच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) एवढेच असते. दोन फाइलींचा मजकूर तंतोतंत सारखा असेल तर त्या दोघींचा हॅश एकच येतो, त्यामुळे प्रतीसाठी मजकूर पुन्हा साठवावा लागत नाही. पण ‘ही फाइल त्या फाइलवरून केली’ असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. आपण डिफ मागतो त्या क्षणी गिट जुनी आणि नवी ट्री समोरासमोर ठेवते आणि मजकुराच्या साम्यावरून अंदाज बांधते.

पुढची जवळजवळ सगळी उत्तरे या एका गोष्टीतून निघतात. डिफमधली ‘कॉपी’ हे अनुमान आहे, आणि एकच कमिट एका पर्यायाने पाहिली तर ‘नवी फाइल’ आणि दुसऱ्या पर्यायाने पाहिली तर ‘कॉपी’ दिसते. दोन्ही उत्तरे बरोबर असतात. म्हणून चाचणीने अनुमान कोणत्या अटींवर केले जाते ते तपासले पाहिजे. अमुक कमिटमध्ये अमुक फाइल ‘कॉपीच आहे’ असे सिद्ध करायला निघालेली चाचणी मुळातच चुकीचा प्रश्न विचारत असते.

सबव्हर्जन आणि मर्क्युरियलमध्येही असेच आहे का?

नाही, या दोन व्हर्जन कंट्रोल प्रणालींत कॉपी ही वापरणाऱ्याने सांगितलेली आणि इतिहासात लिहिली गेलेली गोष्ट असते. सबव्हर्जनमध्ये कॉपीची आज्ञा दिली की मूळ मार्ग आणि मूळ आवृत्तीक्रमांक दोन्ही नोंदवले जातात, स्टेटसमध्ये अशा फाइलपुढे अधिकचे चिन्ह येते, आणि डिफ आपणहून फक्त मूळ फाइलच्या तुलनेतले बदल दाखवतो. पूर्ण मजकूर नवा म्हणून हवा असेल तर ‘शो-कॉपीज-अ‍ॅज-अ‍ॅड्स’ हा पर्याय द्यावा लागतो. मर्क्युरियलही मूळ फाइलचे नाव आणि तिची आवृत्ती प्रतीच्या नोंदीत ठेवते, पण तिचा साधा डिफ ते दाखवत नाही आणि ‘गिट’ हा पर्याय दिल्यावरच कॉपीची शीर्षके छापतो.

त्यामुळे या दोन प्रणालींसाठी चाचणी लिहिताना सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग उलट्या बाजूचा असतो: वापरणाऱ्याने प्रणालीची आज्ञा न वापरता ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञेने फाइल कॉपी केली आणि मग ती नुसती समाविष्ट केली, तर नोंद होत नाही आणि डिफमध्ये पूर्ण नवी फाइल दिसते. मर्क्युरियलमध्ये ‘आफ्टर’ पर्यायाने ही नोंद कमिटच्या आधी करता येते. तेथला साम्य तपासणारा ‘अ‍ॅड-रिमूव्ह’ कामी येत नाही, कारण तो काढलेल्या फाइलींची नव्यांशी तुलना करतो आणि कॉपीमध्ये मूळ फाइल जागेवरच असते.

कॅपिटल सी दिला, फाइल जशीच्या तशी कॉपी केली, तरी डिफ ‘नवी फाइल’ म्हणतो. हा दोष आहे का?

दोष नाही. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

कॅपिटल सी हा पर्याय एकदाच दिला, तर गिट फक्त त्याच कमिटमध्ये बदललेल्या किंवा काढलेल्या फाइलींनाच मूळ फाइल म्हणून विचारात घेते. ज्या फाइलला कोणी हात लावलेला नाही ती उमेदवारांच्या यादीतच नसते, मग तिची प्रत शंभर टक्के जुळणारी असली तरी. कारण खर्चाचे आहे: बदललेल्या फाइली थोड्या असतात आणि न बदललेल्या हजारो, त्यामुळे प्रत्येक नव्या फाइलची सगळ्या जुन्या फाइलींशी तुलना करणे मोठ्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांच्या इतिहासाच्या साठ्यात) महाग पडते. न बदललेल्या फाइलीही पाहायच्या असतील तर ‘फाइंड-कॉपीज-हार्डर’ द्यावा, किंवा कॅपिटल सी दोनदा द्यावा. दोन्हींचा परिणाम एकच.

यावरून चाचणीचे तीन प्रसंग आपोआप ठरतात. पहिल्यात मूळ फाइल तशीच ठेवून प्रत करावी आणि एका कॅपिटल सीने ‘नवी फाइल’ हेच उत्तर यायला हवे असे लिहावे. ही नकारात्मक चाचणी बहुतेक जण विसरतात, आणि तिच्याशिवाय पुढच्या दोन चाचण्यांना अर्थ राहत नाही. दुसऱ्यात तीच रचना ठेवून ‘फाइंड-कॉपीज-हार्डर’ने कॉपी सापडावी. तिसऱ्यात मूळ फाइलच्या एका ओळीत बदल करावा, म्हणजे ती उमेदवारांत येते आणि एका कॅपिटल सीने काम होते.

साम्य नेमके कसे मोजले जाते?

गिट फाइलचे छोटे तुकडे पाडते. ओळ संपली किंवा ६४ बाइट झाले, यांपैकी जे आधी घडेल तेथे तुकडा तुटतो. प्रत्येक तुकड्याचा हॅश काढून, मूळ फाइलमधले किती बाइट नव्या फाइलमध्ये सापडतात ते मोजले जाते, आणि त्या संख्येला दोन फाइलींपैकी मोठ्या फाइलच्या आकाराने भागले जाते. उंबरठा, म्हणजे कॉपी म्हणण्यासाठी लागणारे किमान साम्य, सांगितला नसेल तर तो ५०% असतो.

हाताने करून पाहावे. दहा ओळींची फाइल घ्या, प्रत्येक ओळ शेवटच्या ओळबदलासकट बरोबर २० बाइटांची, म्हणजे एकूण २०० बाइट. प्रतीतल्या दोन ओळी तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या ओळींनी बदलल्या तर १६० भागिले २०० म्हणजे ८०%. ओळी न बदलता प्रतीच्या शेवटी १०० बाइट जोडले तर २०० भागिले ३००, आणि अपूर्णांक सोडून दिला जात असल्याने डिफमध्ये ६६% छापले जाते. २०० बाइट जोडले तर २०० भागिले ४००, म्हणजे बरोबर ५०%, आणि अशी प्रत अजून कॉपी म्हणूनच ओळखली जाते. आणखी एक बाइट जोडला की ती नवी फाइल होते. सीमेवरची चाचणी लिहायची असेल तर ही जोडी पुरेशी आहे.

या पद्धतीचे दोन परिणाम अनेकांना अनपेक्षित वाटतात. एक, हिशेबात ओळींच्या क्रमाला स्थान नाही. ओळी वरखाली केल्या तरी साम्य घटत नाही, मात्र डिफमध्ये बदल भरपूर दिसतात. दुसरा, सगळा मजकूर एकाच लांब ओळीत असलेल्या फाइलमध्ये, उदाहरणार्थ मिनिफाय केलेल्या (अनावश्यक जागा काढून आटवलेल्या) जावास्क्रिप्टमध्ये, सुरुवातीला एक अक्षर घातले की पुढचे सगळे ६४ बाइटांचे तुकडे सरकतात आणि माणसाला एकसारख्या दिसणाऱ्या फाइली गिटला परक्या वाटतात. देवनागरी मजकूर तपासणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. यूटीएफ-८ मध्ये आपले प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते, मात्राही वेगळी मोजली जाते, त्यामुळे २१ चिन्हांच्या पुढे गेलेली ओळ बहुधा एका तुकड्यात मावत नाही.

उंबरठा १०० दिला तरी अर्धवट सारख्या फाइली का सापडतात?

कारण टक्क्याचे चिन्ह राहिले. चिन्हाशिवायची संख्या दशांशचिन्हापुढची समजली जाते: ५ म्हणजे ०.५, म्हणजेच ५०%. ०५ म्हणजे ५%. आणि १०० म्हणजे ०.१००, म्हणजे केवळ १०%. फक्त तंतोतंत प्रती हव्या असतील तर १००% असे चिन्हासह लिहावे. ज्या साधनात हा आकडा वापरणाऱ्याकडून घेतला जातो तेथे याची स्वतंत्र चाचणी असावीच.

चाचणीसाठी फाइल किती मोठी असावी?

एकमेकींपासून वेगळ्या दहा-बारा ओळी पुरतात. दोन-तीन ओळींच्या फाइलीत एक ओळ बदलली की साम्य उंबरठ्याखाली घसरू शकते, आणि रिकाम्या फाइली तर मुळीच वापरू नयेत, कारण सगळ्या रिकाम्या फाइलींचा हॅश एकच असल्याने कोणतीही रिकामी फाइल कोणत्याही दुसरीची प्रत ठरू शकते. उलट धोकाही आहे: प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला वीस ओळींचा परवान्याचा मजकूर आणि खाली पाच ओळींचा कोड असेल, तर एकमेकींशी काही संबंध नसलेल्या फाइली कॉपी म्हणून दिसू लागतात. चाचणीच्या नमुन्यात अशी एक जोडी ठेवली तर आपले साधन ‘कॉपी’ या शब्दावर किती भरवसा ठेवते ते लगेच कळते.

अपेक्षित उत्तरात साम्याची टक्केवारी लिहावी का?

शक्यतो लिहू नये. गिटच्या स्वतःच्या चाचण्यांतली पद्धत येथे अनुकरणीय आहे: कॉपी आणि नावबदल तपासणाऱ्या तिथल्या चाचण्या अपेक्षित आणि प्रत्यक्ष डिफची तुलना करण्याआधी साम्याची ओळ आणि हॅश दोन्ही गाळून टाकतात. कोणत्या फाइलवरून कोणती फाइल आली आणि बदलाचे तुकडे कोणते, एवढेच उरते, आणि तपासायचे तेवढेच असते. आकडा तपासायचाच असेल तर तो वरच्यासारख्या, हाताने हिशेब करता येईल अशा एका नमुन्यापुरता ठेवावा.

पार्सरची चाचणी करताना मात्र आकडा कसा छापला जातो ते पाहावे लागते. कच्च्या डिफमध्ये आणि नाव-स्थिती दाखवणाऱ्या रूपात सी या अक्षरानंतर तीन अंक येतात, म्हणजे ८०% साठी ०८०, आणि त्यापुढे एकाऐवजी दोन मार्ग येतात, आधी मूळ आणि मग प्रत. एका ओळीत एकच मार्ग असतो असे गृहीत धरणारा पार्सर पहिल्या कॉपीला कोलमडतो.

मूळ फाइल काढून टाकली आणि तिच्या दोन प्रती केल्या, तर गिट काय म्हणते?

कॅपिटल सी दिला असेल तर एक प्रत ‘कॉपी’ आणि एक ‘नावबदल’ असे उत्तर येते. एका मूळ फाइलवरून अनेक फाइली निघालेल्या असतील तर डिफच्या क्रमातल्या शेवटच्या फाइलला नावबदल म्हटले जाते आणि आधीच्या सगळ्या कॉपी ठरतात. गिटच्या चाचणीसंचात हा प्रसंग फार आधीपासून आहे: परवान्याच्या मजकुराची फाइल घेऊन तिच्या दोन किंचित बदललेल्या प्रती केल्या जातात आणि मूळ फाइल काढली जाते. फक्त कॅपिटल एम दिला तर एक नावबदल आणि एक नवी फाइल दिसते. म्हणून ‘कोणती फाइल खरी वारस’ असा अर्थ या शब्दांतून काढू नये. क्रम बदलला तर शब्दही बदलतात.

एकाच कमिटमध्ये मूळ फाइलही बदलली, तर प्रतीची तुलना कशाशी होते?

मूळ फाइलच्या जुन्या रूपाशी. डिफच्या शीर्षकातली डावी बाजू नेहमी संपूर्ण कमिटच्या आधीची स्थिती दाखवते आणि उजवी बाजू नंतरची. पॅच लावणारी साधने लिहिणाऱ्यांची सर्वाधिक चूक येथे होते. समजा मूळ फाइलची तिसरी ओळ बदलली आणि त्याच कमिटमध्ये, बदलाच्या आधीच्या मजकुरावरून, एक प्रत केली. डिफमध्ये मूळ फाइलचा भाग आधी आला आणि साधनाने तो लगेच डिस्कवर लिहून टाकला, तर पुढच्या भागात ‘या फाइलवरून कॉपी करा’ वाचताना त्याच्या हाती नवी तिसरी ओळ लागते. प्रत चुकीची तयार होते, आणि तुकडे तिसऱ्या ओळीपासून दूर असतील तर कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही.

मी लिहिलेल्या एका साधनात ही चूक बरेच दिवस होती, कारण माझ्या सगळ्या नमुन्यांत प्रतीचे नाव वर्णक्रमात मूळ फाइलच्या आधी येत होते आणि त्यामुळे प्रत नेहमी आधीच तयार होत होती. तेव्हापासून मी प्रत्येक प्रसंग दोनदा लिहितो, एकदा प्रत आधी येईल अशा नावाने आणि एकदा नंतर येईल अशा नावाने.

एकच चाचणी लिहायची असेल तर कोणती?

फेरा पूर्ण करणारी. दोन कमिटमधला डिफ कॉपी शोधण्याच्या पर्यायासह काढावा, जुन्या कमिटवर परत जावे, तो पॅच ‘गिट अप्लाय’ने इंडेक्ससह (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या स्थितीसह) लावावा, ‘राइट-ट्री’ने ट्रीचा हॅश घ्यावा आणि तो नव्या कमिटच्या ट्रीच्या हॅशशी जुळतो का ते पाहावे. अनुमान ‘कॉपी’ असो वा ‘नवी फाइल’, शेवटचा मजकूर एकच यायला हवा, ही अट कोणत्याही आवृत्तीत आणि कोणत्याही उंबरठ्यावर बदलत नाही. आपले स्वतःचे साधन पॅच लावत असेल तर ‘गिट अप्लाय’च्या जागी ते ठेवावे. बायनरी फाइली असतील तर डिफ काढताना ‘बायनरी’ पर्याय द्यावा, आणि प्रतीचा मोडही बदललेला असा एक नमुना ठेवावा, कारण तेव्हा कॉपीच्या ओळींबरोबर जुन्या आणि नव्या मोडच्या ओळीही येतात.

हाच पॅच साध्या ‘पॅच’ आज्ञेने लावणारेही असतात. जीएनयू पॅचला गिटची कॉपी आणि नावबदलाची शीर्षके २.७ या आवृत्तीपासून समजतात. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी पॅच काढताना कॉपी शोधणे बंदच ठेवावे. जशीच्या तशी प्रत असेल तर पॅचमध्ये बदलाचा एकही तुकडा नसतो, फक्त शीर्षके असतात, आणि ती न वाचणाऱ्या साधनासाठी ती फाइल अस्तित्वातच नसते.

माझ्या संगणकावर चाचणी पास होते, सर्व्हरवर नापास. का?

बहुतेक वेळा सेटिंगमुळे. ‘डिफ.रीनेम्स’ हे सेटिंग गिट २.९ पासून, म्हणजे २०१६ पासून, आपणहून चालू असते आणि त्यात फक्त नावबदल शोधले जातात. कोणी त्याची किंमत ‘कॉपीज’ अशी केली असेल तर त्याच्या संगणकावर पर्याय न देताही कॉपी दिसतात. चाचणीपुरते वैयक्तिक आणि सिस्टिमचे सेटिंग बाजूला ठेवावे (‘गिट कॉन्फिग ग्लोबल’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकाम्या फाइलकडे वळवावा आणि ‘गिट कॉन्फिग नोसिस्टिम’ चालू करावा), आणि हवे ते पर्याय आज्ञेतच स्पष्ट लिहावेत. ‘डिफ-ट्री’सारख्या अंतर्गत आज्ञा ‘डिफ.रीनेम्स’ मानत नाहीत, म्हणून स्क्रिप्टमध्ये त्याच वापरणे अधिक चांगले.

मोठ्या रिपॉझिटरीत काही कॉपी सापडत नाहीत. मर्यादा आहे का?

आहे. तंतोतंत जुळणाऱ्या फाइली आधी हॅशवरून शोधल्या जातात आणि त्यांना मर्यादा लागू होत नाही. उरलेल्या नव्या फाइलींची संख्या गुणिले उमेदवारांची संख्या ही ‘डिफ.रीनेम-लिमिट’च्या वर्गापेक्षा जास्त झाली की गिट हात आखडता घेते. ही मर्यादा सध्या आपणहून १००० आहे, म्हणजे दहा लाख जोड्या. पूर्वी ती ४०० होती. ३०,००० फाइलींच्या रिपॉझिटरीत ५० नव्या फाइली आल्या आणि ‘फाइंड-कॉपीज-हार्डर’ दिला, तर पंधरा लाख जोड्या होतात, आणि गिट फक्त बदललेल्या फाइलींकडे परत वळून तशी सूचना देते. चाचणीसाठी हजारो फाइली बनवण्याची गरज नाही. लहान एल या पर्यायाने मर्यादा १ करावी आणि दोन नव्या, थोड्या बदललेल्या प्रती ठेवाव्यात. शून्य दिले तर मर्यादा राहत नाही.

फाइलींची नावे देवनागरीत असतील तर?

गिट आपणहून अशी नावे अवतरणचिन्हांत आणि अष्टमान अंकांत छापते. ‘क’ या एका अक्षराचे ३४०, २४४, २२५ असे तीन गट होतात. कॉपीच्या ओळीत दोन नावे असल्याने ‘कोटपाथ’ सेटिंग बंद करण्यापेक्षा लहान झेडचा पर्याय वापरावा. त्यात नावे शून्य बाइटने विलग होतात आणि टॅब किंवा ओळबदल असलेली नावेही सुरक्षित राहतात.

ब्लेममध्ये कॉपी वेगळ्या पद्धतीने शोधली जाते का?

होय. ब्लेम प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवते, आणि त्यातला कॅपिटल सी फाइलींऐवजी ओळींच्या गटांचा माग काढतो, आणि तो एकदा, दोनदा की तीनदा दिला यावर शोधाची व्याप्ती वाढत जाते. डिफसाठी लिहिलेल्या अपेक्षा तेथे लावू नयेत.

मूळ फाइलमध्ये नंतर केलेली दुरुस्ती प्रतीत आपोआप येते का?

गिटमध्ये नाही. मर्ज करताना (दोन शाखांतले बदल एकत्र करताना) गिट नावबदल शोधते, कॉपी शोधत नाही. एका शाखेत फाइलची प्रत केली आणि दुसऱ्या शाखेत मूळ फाइलमधली चूक दुरुस्त केली, तर मर्जनंतर मूळ फाइल दुरुस्त असते आणि प्रतीत चूक तशीच राहते, कोणतीही सूचना न देता. मर्क्युरियलमध्ये कॉपीची नोंद असल्यामुळे तीच दुरुस्ती मर्जमध्ये प्रतीपर्यंतही पोहोचते. एका प्रणालीतून दुसरीत जाणाऱ्या संघाने हा प्रसंग दोन्हीकडे चालवून पाहावा आणि गिटसाठीच्या चाचणीत ‘प्रत बदललेली नाही’ असेच अपेक्षित उत्तर लिहावे.